कागदाच्या नजरेचं भिंग
अतिनील प्रकाशात रानफुलं टिपण्याविषयी : प्रस्तावना

डार्करूममध्ये लाल दिवा का लावत, हे जुन्या स्टुडिओत काम शिकलेला कुणीही सांगेल. ब्रोमाइड पेपरला लाल प्रकाश दिसत नाही. त्याला दिसतो निळा, जांभळा आणि जांभळ्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. त्यामुळे एन्लार्जरची भिंगं बनवणाऱ्यांपुढे एक पेच कायमचा होता. छायाचित्रकार पाटावर पडलेली प्रतिमा डोळ्यांनी बघून फोकस साधणार, म्हणजे मुख्यतः हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या आधारे. कागदावर चित्र उमटणार मात्र वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडच्या प्रकाशाने. हे दोन्ही प्रकाश एकाच पातळीवर एकवटले नाहीत, तर डोळ्यांना रेखीव दिसलेलं चित्र प्रिंटवर बोथट येणार. म्हणून चांगल्या कारखान्यांनी ही भिंगं दृश्य प्रकाशाच्या थोडं बाहेरपर्यंत सुधारून घडवली. निकॉनने आपल्या ईएल-निक्कोर भिंगांच्या माहितीपत्रकात ३८० ते ७०० नॅनोमीटर असा पल्ला दिला होता. माणसाची नजर ४०० नॅनोमीटरच्या आसपास संपत येते. हे भिंग घडवलं गेलं होतं कागदाच्या नजरेसाठी.

या पुस्तकाचा सगळा उद्योग त्या वस्तुस्थितीवर उभा आहे. फुलांची अतिनील छायाचित्रं घेण्यासाठी खास भिंगं बनतात. क्वार्ट्‌झ आणि कॅल्शियम फ्लुओराइडपासून बनवलेलं १०५ मिमीचं यूव्ही-निक्कोर हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. पण अशा भिंगाची किंमत काही लाखांच्या घरात जाते आणि ते बहुधा प्रयोगशाळांत किंवा न्यायवैद्यक विभागांत असतं. याउलट ८० मिमी, एफ/५.६ चं जुनं धातूच्या नळीचं ईएल-निक्कोर काही हजार रुपयांत मिळू शकतं. डिजिटल कॅमेरे आले, गावोगावच्या स्टुडिओंतले एन्लार्जर माळ्यावर गेले, तिथून भंगारात गेले, आणि त्यांची भिंगं पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कुलपं, घड्याळं आणि पितळी नळांच्या शेजारी येऊन पडली. माझ्या मते छायाचित्रणाच्या जुन्या सामानात आज इतकी उपयोगी आणि इतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नाही.

अतिनील प्रकाशाला पहिली अडचण काचेचीच असते. आधुनिक कॅमेऱ्याच्या भिंगात दहा-पंधरा घटक असतात, त्यांतल्या काही काचा जड आणि जास्त अपवर्तनांकाच्या असतात, आणि प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थरांचं लेपन असतं. हे सगळं मिळून ३८०–४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जवळपास गिळून टाकतं. त्या मानाने जुनं एन्लार्जर भिंग साधं असतं. मोजके घटक, पातळ काच, साधं लेपन. त्यातून ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशही बऱ्यापैकी पार होतो, आणि फुलांच्या खुणा नेमक्या याच पट्ट्यात असतात. शिवाय हे भिंग मुळात जवळच्या अंतरासाठी आणि सपाट पृष्ठभागासाठी बनलेलं असतं, म्हणजे चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत रेखीवपणा टिकतो. मॅक्रो छायाचित्रणाला याहून वेगळं काय हवं? त्याला फोकसची कडी नसते, ही उणीव बेलोज किंवा हेलिकॉइड जोडून भरून काढता येते. मागच्या ३९ मिमीच्या आट्यांना बसणारे अ‍ॅडॅप्टर सहज मिळतात. फूल प्रत्यक्षापेक्षा लहान टिपायचं असेल तर भिंग सरळ लावावं, कारण एन्लार्जरमध्येही त्याची मागची बाजू लहान निगेटिव्हकडे आणि पुढची बाजू मोठ्या कागदाकडे असे. फूल सेन्सरवर प्रत्यक्षापेक्षा मोठं हवं असेल, तर तेच भिंग उलटं लावावं.

पण भिंगाविषयी आणखी लिहिण्याआधी, हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं.

१७९३ साली बर्लिनजवळच्या श्पांडाऊ इथल्या एका शाळेचे प्रमुख क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलांवरचे ठिपके, रेषा, वेगळ्या रंगाची कडी ही नुसती शोभा नसून कीटकाला मधाकडे नेणाऱ्या खुणा आहेत, असं त्यांनी त्यात मांडलं. त्यांच्या काळात ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर आठच वर्षांनी, १८०१ मध्ये, येना इथे योहान विल्हेल्म रिटर यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट सिल्व्हर क्लोराइडवर पाडला आणि जांभळ्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सर्वांत लवकर काळं पडतं असं दाखवलं. म्हणजे अतिनील प्रकाश सापडला तोच चांदीच्या क्षारावर, ज्यातून पुढे छायाचित्रण जन्मलं. श्प्रेंगेल आणि रिटर यांचे हे दोन धागे एकत्र यायला मात्र शंभरहून अधिक वर्षं गेली. जॉन लबक यांनी मुंग्यांवर प्रयोग केले. मुंग्या आपले कोष वर्णपटाच्या अतिनील भागातून उचलून दुसरीकडे नेतात, म्हणजे त्यांना तो प्रकाश जाणवतो, हे त्यांच्या १८८२ च्या पुस्तकात आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास मधमाश्यांना रंग कळतात हे सिद्ध केलं. १९२० च्या दशकात आल्फ्रेड क्यून यांनी त्यांना अतिनीलही रंग म्हणूनच कळतो हे दाखवलं. त्याच दशकात, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले फ्रँक लुट्झ यांनी फुलांचं अतिनील परावर्तन आणि कीटकांच्या भेटी यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

मधमाशीच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांची संवेदना ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. आपल्याकडे निळा, हिरवा, लाल. तिच्याकडे अतिनील, निळा, हिरवा. लाल तिला जवळपास दिसतच नाही. मग युरोपातल्या शेतांत लालभडक पॉपीवर मधमाश्या का गर्दी करतात? कारण तिथली पॉपी अतिनील प्रकाश जोरात परावर्तित करते. आपल्याला तिचा लाल रंग दिसतो, मधमाशी येते ती अतिनील रंगाकडे. पांढऱ्या फुलांचं उलट आहे. बहुतेक पांढऱ्या पाकळ्या अतिनील शोषून घेतात, त्यामुळे अतिनील छायाचित्रात ती करडी किंवा काळपट येतात. १९५० च्या दशकात कार्ल डाउमर यांनी मोहरीच्या कुळातल्या फुलांबद्दल दाखवलं की आपल्याला सारखीच पिवळी दिसणारी फुलं मधमाशीला वेगवेगळ्या रंगांची असू शकतात, कारण त्यांचं अतिनील परावर्तन वेगळं असतं. फूल डोळ्यांना कसं दिसतं यावरून ते अतिनीलमध्ये कसं दिसेल याचा अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक जात स्वतंत्रपणे तपासावी लागते, आणि या छंदाची सगळी ओढ मला तिथेच वाटते.

सर्वांत देखण्या खुणा पिवळ्या फुलांत सापडतात. उत्तर अमेरिकेतलं रुडबेकिया हिर्टा हे डेझीसारखं फूल. त्याच्या पाकळ्या आपल्याला टोकापासून बुडापर्यंत एकसारख्या पिवळ्या दिसतात. अतिनीलमध्ये त्याच्या पाकळ्यांचा बाहेरचा अर्धा भाग उजळ आणि आतला अर्धा काळा असतो, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. सूर्यफूल तसंच. पाणथळ जागी फुलणारं मार्श मॅरिगोल्डही तसंच. डँडेलियनचा मधला गोल काळा आणि कडा उजळ येतात. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी रुडबेकियाच्या त्या काळ्या भागातलं रसायन ओळखलं. ती फ्लेव्हॉनॉल गटातली द्रव्यं होती. आयस्नर यांनीच त्याआधी, १९६९ मध्ये, अतिनील प्रकाश पाहू शकणारा टेलिव्हिजन कॅमेरा फुलांवर आणि फुलपाखरांवर रोखून ती खूण हलत्या चित्रात दाखवली होती.

पुढे कळत गेलं की ही द्रव्यं केवळ मधमाशीसाठी नसावीत. सिल्व्हरवीड नावाच्या पिवळ्या रानफुलावर मॅथ्यू कॉस्की आणि टिया-लिन अ‍ॅशमन यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका या फुलांचा अतिनील शोषणारा काळा भाग मोठा होत जातो, आणि तो परागांचं प्रखर उन्हापासून रक्षण करतो, असं त्यांना आढळलं. उजळ पाकळी अतिनील प्रकाश परागकोशांवर उलटा फेकते, काळी पाकळी तो पिऊन टाकते. २०२२ मध्ये सूर्यफुलांच्या अभ्यासात एकाच जनुकाशी, एमवायबी१११ शी, या काळ्या कड्याच्या आकाराचा संबंध जुळला. कोरड्या हवेतल्या रानटी सूर्यफुलांत हे कडं मोठं असतं, आणि तीच द्रव्यं पाकळीतलं पाणी टिकवायला मदत करत असावीत असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या शिवारात जे सूर्यफूल आपण तेलबी म्हणून बघतो, त्याच्या पाकळ्यांवर हे कडं आहे. सुरुवात करणाऱ्याने पहिलं छायाचित्र सूर्यफुलाचंच घ्यावं असं मी सुचवेन. खूण ठळक आहे, फूल मोठं आहे, आणि निकाल बरोबर आला की नाही ते लगेच कळतं.

आता तंत्राकडे. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारी एक काच बसवलेली असते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी लागते. त्यानंतर भिंगावर असा फिल्टर हवा जो फक्त अतिनील आत सोडेल. खगोलनिरीक्षकांसाठी, शुक्राच्या ढगांचे पट्टे टिपायला बनवलेला बाडर कंपनीचा यू-फिल्टर या कामाला उत्तम. काळपट जांभळ्या काचेचे जुने फिल्टर स्वस्त पडतात, पण त्यांत एक मोठी फसगत आहे. ते ७०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल आणि अवरक्त प्रकाशही थोडा आत सोडतात, आणि सिलिकॉनचा सेन्सर त्या प्रकाशाला अतिनीलपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतो. चित्र सुंदर येतं, फक्त ते अतिनील नसतं. म्हणून त्याला जोडीने अवरक्त अडवणारी निळसर काच लावावीच लागते. गळती ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक, हिरवी पानं. अतिनीलमध्ये पानं काळसर येतात, अवरक्तात ती चुन्यासारखी पांढरी उजळतात. पानं उजळ दिसली की ते चित्र बाजूला ठेवावं. दुसरी खूण अधिक पक्की: अतिनील फिल्टरवर अतिनील अडवणारा दुसरा फिल्टर ठेवून तेवढ्याच एक्स्पोजरला आणखी एक छायाचित्र घ्यावं. ते पूर्ण काळं यायला हवं. त्यात जे काही दिसेल ती गळती समजावी. ही चाचणी न केलेली पुष्कळ ‘अतिनील’ छायाचित्रं जगभर मिरवली जातात, आणि त्यांवरून फुलांबद्दल निष्कर्षही काढले जातात, याचं मला मनापासून दुःख वाटतं.

पांढरा रंग ठरवायलाही काळजी लागते. आपला पांढरा कागद इथे चालत नाही, कारण त्यातली चकाकीची रसायनं अतिनील शोषतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग काळा येतो, सनस्क्रीन लावलेला चेहराही काळा येतो. अतिनीलमध्ये भरवशाचा पांढरा म्हणजे टेफ्लॉन. प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप अनेक पदरी करून सपाट पट्टीवर ताणली, की चांगली संदर्भपट्टी तयार होते. तिच्यावर व्हाइट बॅलन्स साधला की चित्रात पिवळ्या आणि निळ्या-जांभळ्या छटा उमटतात. या छटा खऱ्या नव्हेत. सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांतून अतिनील कमी-अधिक झिरपतो, त्यातून त्या तयार होतात, आणि कॅमेरा बदलला की बदलतात. म्हणून या पुस्तकातली बहुतेक चित्रं कृष्णधवल ठेवली आहेत. रंगीत चित्र डोळ्यांना गोड वाटतं खरं, पण उजळ आणि काळं एवढंच जिथे ठामपणे सांगता येतं, तिथे तेवढंच दाखवावं.

प्रकाश कमी असणं ही कायमची अडचण. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा काही टक्क्यांचाच, त्यातून भिंग आणि फिल्टर आणखी कापतात. भर उन्हातही एफ/८ ला एक्स्पोजर सेकंदाच्या घरात जाऊ शकतं. घरातल्या फुलदाणीतल्या फुलाला हे चालतं. कासच्या पठारावर चालत नाही. तिथे वारा थांबत नाही, आणि सीतेच्या आसवांचे देठ काही सेंटिमीटर उंचीचे, झुळकीनेही थरथरणारे. अशा जागी फ्लॅश हाच उपाय. फ्लॅशच्या झेनॉन नळीतून अतिनील भरपूर निघतो, तो अडतो पुढच्या प्लॅस्टिकमध्ये आणि नळीवरच्या पिवळसर लेपात. लेप नसलेली नळी असलेल्या जुन्या फ्लॅशचं पुढचं प्लॅस्टिक काढलं की काम होतं. पण फ्लॅशच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार साठलेला असतो, तेव्हा ते उघडणं दुरुस्ती जाणणाऱ्याकडेच सोपवावं. डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा हवा, आणि बरोबर असलेल्या प्रत्येकाला हवा. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग हा प्रकाश स्वतःच शोषतं आणि त्याची किंमतही मोजतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलं जाणारं कृत्रिम भिंग अतिनील अडवणारं असतं, ते याच कारणाने.

फ्लॅशचा आणखी एक फायदा म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करता येतं. ३६५ नॅनोमीटरची तरंगलांबी हिरव्या प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश. त्यामुळे एफ/११ ला हिरव्या प्रकाशात विवर्तनाचा ठिपका १५ मायक्रॉनच्या आसपास पसरतो, तर अतिनीलमध्ये तो १० च्या आत राहतो. मॅक्रोत खोली मिळवण्यासाठी धडपडणाऱ्याला हा मोठाच दिलासा. मात्र काही एन्लार्जर भिंगांत अंधारात आकडे वाचता यावेत म्हणून प्रकाश आत घेणारी छोटी खिडकी असते. तिच्यातून शिरणारा भटका प्रकाश चित्र फिकं करतो, म्हणून तिच्यावर काळी टेप लावावी. आणि कोकणातून आलेलं भिंग घेताना आत बुरशीचे तंतू नाहीत ना, हे टॉर्च लावून बघावं.

एक मर्यादा मला ठळकपणे नोंदवायची आहे. ही छायाचित्रं म्हणजे मधमाशीला दिसणारं दृश्य नव्हे. मधमाशी अतिनील हा निळ्या आणि हिरव्यासोबत, एकाच वेळी बघते. आपलं छायाचित्र तिच्या तीन रंगांपैकी एकच वेगळा काढून दाखवतं. शिवाय तिची नजर आपल्या मानाने फार भरड आहे. फूल तिच्या नजरेत सुमारे १५ अंशांचा कोन व्यापू लागल्यावरच तिला त्याचा रंग नीट ओळखता येतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. हिशेब केला तर एक सेंटिमीटर रुंदीच्या फुलाचा रंग तिला जेमतेम चार सेंटिमीटरवरून कळतो. मॅक्रो छायाचित्रात आपल्याला पाकळीच्या पेशींची रांग दिसते, ती तिला कधीच दिसत नाही. तेव्हा या चित्रांकडे फुलाच्या रसायनाचा नकाशा म्हणून बघावं. कोणतं द्रव्य कुठे साठलं आहे, हे ती दाखवतात. अतिनील टॉर्चखाली अंधारात फुलं निळी-हिरवी चमकतात, ते आणखी वेगळं. त्यात फूल अतिनील पिऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकतं. तो प्रकार या पुस्तकात घेतलेला नाही.

डोळ्यांना न दिसणारं कॅमेऱ्याने दाखवायचं, ही इच्छा मराठी माणसाला नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला होता. दिवसांमागून दिवस चालणारी हालचाल त्यांनी पडद्यावर डोळ्यांसमोर घडवली. फाळके छायाचित्रण आणि छपाईच्या धंद्यातून आलेले होते. हाताशी असलेल्या साधनाला नवं काम कसं द्यायचं, हे त्यांना कळत होतं.

सह्याद्रीत या कामाला फार वाव आहे. कासचं जांभ्याचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा गालिचा पसरतो. कवला फुलतो, म्हणजे पर्यटकांचं ‘मिकी माऊस’. सातेरी, फुलोरी, आग्या आणि डंखहीन पोया अशा निरनिराळ्या मधमाश्या या मुलखात वावरतात. विषुववृत्ताच्या जवळ काळा भाग वाढतो हे खरं असेल, तर पावसाळी ढगांखाली फुलणाऱ्या या फुलांत आणि उन्हाळ्यात माळावर फुलणाऱ्या फुलांत काय फरक आहे, हा प्रश्न इथेच विचारला जायला हवा. तो विचारताना पठारावरची मातीची पातळ साय पायाखाली जाऊ नये. कुंपण ओलांडू नये, फूल तोडू नये. ८० मिमीचं भिंग फुलापासून पुरेसं दूर ठेवून वाटेवरूनच काम करता येतं.

आणखी एक वाट वनस्पतिसंग्रहालयांतून जाते. वाळवलेल्या पाकळ्यांतही अतिनील शोषणारी द्रव्यं टिकून राहतात. कॉस्की, अ‍ॅशमन आणि त्यांचे सहकारी ड्रू मॅक्वीन यांनी १९४१ ते २०१७ या काळातले ४२ जातींचे वाळवलेले नमुने अतिनीलमध्ये टिपले आणि ओझोनचा थर व तापमान बदलत गेलं तसं फुलांमधलं हे शोषणही बदलत गेल्याचं २०२० मध्ये दाखवून दिलं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे. त्यांतल्या जुन्या नमुन्यांकडे या भिंगातून बघण्याची परवानगी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर मागावी. इथे वारा नाही, घाई नाही, आणि एन्लार्जरचा खांबच कॅमेरा उभा टांगायला वापरता येतो.

असं काम पुढे कुणाच्या उपयोगी पडायचं असेल, तर चित्राइतकीच त्याची नोंद महत्त्वाची. म्हणून पुढच्या पानांवर प्रत्येक अतिनील छायाचित्राशेजारी त्याच फुलाचं, त्याच कोनातून घेतलेलं साधं छायाचित्र दिलं आहे. खाली भिंग, फिल्टर, प्रकाशाचा स्रोत, एक्स्पोजर, गळतीच्या चाचणीचा निकाल, ठिकाण आणि तारीख आहे. चौकटीच्या कडेला टेफ्लॉनची पट्टी मुद्दाम कापलेली नाही. वाचकांनी स्वतः काम सुरू केलं तर हीच रीत पाळावी. कारवीसारखं झुडूप सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलतं. त्या हंगामात नोंद अपुरी राहिली, तर ती भरून काढायला पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागतं.